आधीची आवृत्ती

काकांचा संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी येतात. एक ओळ 'विंडोज ७' अशी असते. दुसरी असते 'अर्लियर व्हर्जन ऑफ विंडोज', म्हणजे विंडोजची आधीची आवृत्ती. त्या आधीच्या आवृत्तीला स्वतःचं नाव आहे, एक्सपी. २००१ साली ती आली तेव्हा तिच्या नावाचा केवढा गाजावाजा झाला होता. पण या यादीत तिचं नाव नाही. यादी नव्या प्रणालीने केलेली आहे आणि ती स्वतःला नावाने ओळखते, जुनीला फक्त नात्याने. खाली तीस सेकंद उलटे मोजले जातात. तेवढ्यात काही निवडलं नाही, तर नवी आपोआप सुरू होते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. इंदूरला राजवाड्यामागच्या एका गल्लीत त्यांचं अक्षरजुळणीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, गणेशोत्सवाचे कार्यक्रम, कधीमधी एखादं पुस्तक. काका गेले तेव्हा त्यांच्या मुलाने हा संगणक माझ्याकडे आणून ठेवला. तो बंगळूरला असतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. "ताई, बाबांनी स्वतःचं म्हणून जे काही लिहिलंय ते युनिकोडमध्ये आणून द्या. मग मशीन भंगारात देऊ." काम पंधरा दिवसांचं वाटलं होतं. त्याला आता दीड वर्ष होईल. या दीड वर्षात जो प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो संगणकाचा आहे असं मला वाटत नाही, पण संगणकाबद्दल सांगितल्याशिवाय तो सांगताही येत नाही.

एकाच यंत्रात दोन प्रणाली ठेवायच्या तर क्रम पाळावा लागतो. आधी जुनी बसवायची, मग नवी. नवी येते ती घरात आधी कोण राहतंय हे बघते, त्याची नोंद घेते आणि दारावर दोघांच्या नावांची पाटी लावते. उलट केलं, म्हणजे नवी असताना वरून जुनी बसवली, तर जुनी सुरुवातीची जागा स्वतःच्या नावे करून टाकते आणि नवी सुरूच होत नाही. जुनीचा यात काही दुष्टपणा नसतो. ती लिहिली गेली तेव्हा नवी अस्तित्वातच नव्हती, तर ती तिला ओळखणार कशी? आणखी एक गंमत मला फार उशिरा लक्षात आली. जुनी सुरू केली की ती स्वतःच्या कप्प्याला 'सी' म्हणते आणि नवीच्या कप्प्याला दुसरं काहीतरी. नवी सुरू केली की ती स्वतःला 'सी' म्हणते आणि जुनीला 'डी'. तबकडी तीच, कप्पे तेच. जो जागा असतो त्याचंच घर पहिलं.

हे वाचून कुणालाही मोह होईल की आपण सगळेच असे दुहेरी आहोत, घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी, असं काहीतरी लिहावं. मलाही झाला. पण ते खरं नाही. आम्ही इंदूरवाले एकाच वाक्यात दोन भाषा बोलतो आणि मधे श्वाससुद्धा घेत नाही. या यंत्राचं तसं नाही. इथे एक पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरी उघडत नाही. काकांना लोक म्हणायचे की तुम्ही दोन डगरींवर पाय ठेवून उभे आहात. तर ते तसंही नव्हतं. रोज सकाळी त्या तीस सेकंदांत त्यांना ठरवावं लागे की आज कोणत्या काठावर.

त्यांनी जुनी ठेवली याचं कारण पोटापाण्याचं होतं. देवनागरी संगणकात कशी साठवायची याचं इस्की हे भारतीय मानक १९९१ साली होतं, आणि त्याच साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण दुकानांमधलं काम त्यावर चालत नव्हतं. ते पेजमेकरवर चाले, आणि पेजमेकरला युनिकोड कळत नसे. त्यामुळे फॉन्ट विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपापली व्यवस्था लावली. रोमन अक्षरांच्या नि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. एका जागी अर्धा क, दुसऱ्या जागी काना, तिसऱ्या जागी वेलांटी. फाइलमध्ये मराठी नसतेच. असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्या कंपनीचा फॉन्ट असेल तर डोळ्यांना मराठी दिसते, नसेल तर कचरा. फॉन्टला पुन्हा कुलूप. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागेत बसणारं एक लॉक, ते असेल तरच फॉन्ट चालणार. काकांच्या लॉकला नव्या प्रणालीत चालवणारा ड्रायव्हर कंपनीने कधी दिला नाही. मग त्यांनी जुनी राहू दिली आणि शेजारी नवी आणली, कारण गिऱ्हाइकं ईमेल पाठवू लागली होती.

या दोन व्यवस्थांमधला एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. 'कि' हे अक्षर घ्या. जुन्या फाइलमध्ये आधी वेलांटी असते आणि मग क, कारण कागदावर ती डावीकडे दिसते, टंकलेखनयंत्रावरही ती आधीच उमटवायचे. युनिकोडमध्ये आधी क आणि मग इकार, कारण बोलताना तसं येतं. 'सूर्य'मधला रफार जुन्या फाइलमध्ये य नंतर, नव्यात य च्या आधी. म्हणजे जुनी व्यवस्था डोळ्याचा क्रम साठवते आणि नवी जिभेचा. जुनीने आकार साठवले आणि अक्षर वाचणाऱ्यावर सोडलं. नवीने अक्षर साठवलं आणि आकार फॉन्टवर सोडला. तत्त्व म्हणून नवी उजवी आहे यात मला शंका नाही. तिच्यात शोधता येतं, अकारविल्हे लावता येतं, दुसऱ्या यंत्रावर नेता येतं. शब्द हा ध्वनीच्या तुकड्यांपलीकडे अखंड असतो आणि ध्वनी त्याला फक्त प्रकट करतात, असं भर्तृहरी मानतो. युनिकोडवाले त्याच घराण्यातले म्हणायचे. मीही त्याच भरवशावर काम सुरू केलं होतं की अक्षरं सुखरूप उचलली, म्हणजे काकांचं लिखाण सुखरूप आलं.

काकांनी स्वतःसाठी आठवणी लिहिल्या होत्या, साठेक पानं. मी त्या फाइल्स नव्या प्रणालीत एका कन्व्हर्टरमधून काढल्या. मजकूर बराचसा नीट आला, पण जागोजागी एक परका चौकोन उमटला. 'ो'च्या पुढे चौकोन, 'े'च्या पुढे, 'ी'च्या पुढे. ओळीत तीन-चार तरी. कन्व्हर्टरच्या तक्त्यात न बसलेला कसला तरी गाळ असावा असं समजून मी 'शोधा आणि बदला' वापरून सगळे चौकोन एका झटक्यात काढून टाकले. मजकूर स्वच्छ झाला. नंतर वाचताना 'गोधळ' दिसला, 'भेडी' दिसली. तिथे अनुस्वार गेल्याचं कळलं, ते हाताने भरले. पुन्हा एकदा वाचलं. आता एकही चूक दिसत नव्हती. पानं मुलाकडे पाठवली. त्याने वर्षश्राद्धाला त्यांच्या प्रती काढून नातेवाइकांना वाटल्या.

दोन महिन्यांनी जळगावहून काकांच्या पुतणीचा फोन आला. तिचे वडील, म्हणजे काकांचे धाकटे भाऊ, चार वर्षांपूर्वी गेले. दोघा भावांत शेवटची पंचवीस वर्षं बोलणं नव्हतं, कारण जमिनीचं. ती म्हणाली, "ताई, बाबा पत्रं लिहायचे हे मला माहीतच नव्हतं. मी त्यांची ट्रंक सगळी पालथी घातली. एकही मिळालं नाही. त्या पानांत आणखी काही आहे का त्याबद्दल?"

मी छापील पान काढलं. वाक्यं अशी होती: 'भाऊ गांवीच राहतो. शेती करतो, देवळाचे बघतो. दर दिवाळीला पत्र लिहितो आणि टाकीत नाही.'

भावाने टाकलीच नाहीत ती पत्रं काकांना कशी माहीत, हे तिला खटकलं नव्हतं. मलाही तेव्हाच पहिल्यांदा खटकलं. मग मी त्या संगणकावर प्रथमच खालची ओळ निवडली, जुनी प्रणाली उघडली, पेजमेकरमध्ये मूळ पान काढलं. तिथे होतं: 'भाऊ गांवींच राहतो. शेती करतो, देवळाचें बघतो. दर दिवाळीला पत्र लिहितों आणि टाकीत नाहीं.'

जे वाचक मराठी शुद्धलेखनाच्या इतिहासातून गेलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार लिखाणातून गेले. त्याआधी 'घरीं', 'केलें', 'नाहीं' असं लिहीत. हे टिंब ऐकू येत नसे, पण काही ठिकाणी ते काम करत असे. 'तो लिहितो' याला टिंब नाही, 'मी लिहितों' याला आहे. मराठीत कर्ता गाळण्याची सवय फार, तेव्हा नुसतं 'लिहितों' म्हटलं की मी, 'लिहितो' म्हटलं की तो. नियम झाले तेव्हा हे ओझं कर्त्यावर टाकलं गेलं, आणि ते योग्यच झालं. कारण मुलं टिंबांनी हैराण होती. पण काकांची मॅट्रिक १९६२च्या आधीची. गिऱ्हाइकांसाठी ते नव्या नियमांनी जुळवत आणि स्वतःसाठी जुन्या. दुकानातल्या दोन प्रणालींच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या हातात दोन होत्या.

फॉन्टमध्ये मात्रेवर किंवा वेलांटीवर अनुस्वार असा एकत्र आकार होता. कन्व्हर्टरला तो ओळखता आला नाही. काना आणि त्यावरचा अनुस्वार यांचे आकार वेगळे होते, ते बरोबर आले, म्हणूनच 'गांव'वरचं टिंब शाबूत राहिलं. ते पाहून खरं तर मी शहाणं व्हायला हवं होतं. म्हाताऱ्या माणसाची एखादी सवय म्हणून मी ते कौतुकाने तसंच ठेवलं.

म्हणजे पत्रं लिहिणारे काका होते. भावाच्या तोंडी नसलेला पश्चात्ताप मी त्याच्या तोंडी घातला आणि काकांचा त्यांच्याकडून काढून घेतला. हे कुणी मुद्दाम केलं असतं तर आपण त्याला खोटेपणा म्हणू. मी साफसफाई करत होते.

मला जी गोष्ट सोडत नाही ती ही की 'गोधळ' मला दिसला आणि 'लिहितो' दिसला नाही. जिथे मोडतोड होऊन अशब्द झाला तिथे डोळा अडला. जिथे मोडतोड होऊन धडधाकट शब्द झाला, आजच्या नियमांनी पूर्ण शुद्ध शब्द, तिथे अडायला कारणच नव्हतं. त्या शुद्ध मजकुराची मी आणखी दहा पारायणं केली असती, व्याकरणाच्या जाणकाराला दाखवली असती, तरी तो निर्दोषच ठरला असता. नवीन व्यवस्था आपल्या चुका आपल्या नियमांनी तपासते. जी चूक तिच्या नियमांत बसते ती तिच्यासाठी चूक नसते. तिच्याबाहेर कुणीतरी उभं असावं लागतं ज्याच्याकडे जाऊन विचारता येईल की मूळ असंच होतं का. माझ्या बाबतीत ते कुणीतरी म्हणजे एक जुनाट प्रणाली आणि प्लास्टिकचं एक लॉक. ते भंगारात गेलं असतं तर माझी चूक सापडली नसती एवढंच नाही, ती चूकच उरली नसती. तेच काकांचं लिखाण झालं असतं.

यावर एक जुना दाखला आहे. मोडीतले कागद बाळबोधीत छापताना हेच होतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडून लिहीत नाहीत. बाळबोधीत आणणारा प्रत्येक ठिकाणी काहीतरी ठरवतो. राजवाड्यांसारख्यांनी असे कागद ढिगांनी छापले, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते कागद जपण्यासाठीही. छापून झालं म्हणून मूळ दप्तर चुलीत घातलं नाही. लिप्यंतर चांगलं झालं तरी दप्तर लागतं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नसेल. आपल्याला ते फाइलींच्या बाबतीत सुचत नाही, कारण फाइल म्हणजे वस्तू असं आपल्याला वाटतच नाही.

हे सगळं मी मुलाला सांगितलं. तो संगणकांतच काम करतो, माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं, आणि त्याचे आक्षेप सोडून देण्यासारखे नव्हते. एक्सपीच्या सुरक्षादुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ला बंद झाल्या. ती इंटरनेटला जोडणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. दुसरं असं की जुनी सुरू केली की नवीचं नुकसान होतं. नवी अधूनमधून स्वतःची खूणगाठ करून ठेवते, बिघाड झालाच तर मागे जाता यावं म्हणून. जुनी जागी होते तेव्हा तिला त्या खुणगाठी कसल्या आहेत हे कळत नाही आणि ती त्या पुसून टाकते. म्हणजे मी जितक्या वेळा काकांचं मूळ पान पाहायला जाते तितक्या वेळा नवीची मागे फिरण्याची वाट बंद होते. (याला उपाय आहे, नवीचा कप्पा जुनीपासून लपवता येतो. पण मला हे कळेपर्यंत बऱ्याच खुणगाठी गेल्या होत्या.)

त्याने तिसरा मार्गही सुचवला. जुनी प्रणाली नव्याच्या आत, एका खिडकीत चालवायची. विंडोज ७च्या वेळी कंपनीने स्वतःच अशी सोय 'एक्सपी मोड' या नावाने दिली होती. मी करून पाहिलं. प्रणाली सुरू झाली, पेजमेकर सुरू झालं, पण फॉन्ट नाही, कारण मागच्या जागेतलं लॉक आतल्या प्रणालीपर्यंत पोचेना. खिडकीतल्या जुनीला वाटतं आपण खऱ्या यंत्रावर आहोत. प्रत्यक्षात तिला दिसतं ते नवी दाखवेल तेवढंच. साक्षीदाराला आरोपीच्याच घरात ठेवायचं तसं मला ते वाटलं. तांत्रिकदृष्ट्या हा आक्षेप टिकणार नाही हे मला माहीत आहे.

मुलाचा खरा प्रश्न वेगळाच होता. तो म्हणाला, "ताई, सगळ्याच गोष्टी जपायच्या तर जगायचं कधी?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. सगळं जपता येत नाही. जुनी प्रणाली शंभर वर्षं चालणार नाही, तबकडी आताच कुरकुरते आहे. जिला मी दीड वर्ष 'नवी' म्हणते आहे तिच्याही दुरुस्त्या १४ जानेवारी २०२०ला संपल्या. आज दुकानात जाऊन नवा संगणक आणला तर त्याच्या लेखी या दोघीही आधीच्या आवृत्त्या. पण एवढं मला दिसतं की या जोडीत जबाबदारी समसमान नाही. जुनीला नवी माहीत नाही आणि माहीत होणारही नाही. नवीला दोघी माहीत आहेत. तेव्हा जपणं, विचारणं, नुकसान झालं तर ते सोसणं, हे सगळं मागून येणाऱ्याकडेच येतं. काकांना मी करणार असलेली चूक कळायचा मार्ग नव्हता. मला त्यांचं टिंब कळायचा होता, आणि मी तो तीस सेकंदांत निघून जाऊ दिला.

पुतणीला सांगायचं की नाही यावर मुलाचं नि माझं एकमत झालं नाही. त्याचं म्हणणं, तिला जे मिळालंय ते राहू दे, बापाने मनातून हात पुढे केला होता एवढं तिला पुरेल. मला ते पटलं नाही. ते तिला माझ्या हातून मिळालं होतं, चुकीने. मी फोन केला आणि टिंबाची सगळी हकिकत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे काका लिहायचे."

"हो."

"मग ती कुठे आहेत?"

जुन्या प्रणालीत आठवणींच्या शेजारी 'भाऊ' नावाच्या चार फाइली आहेत. तारखा वेगवेगळ्या सालांच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या. मी त्या उघडलेल्या नाहीत. ज्याने त्या लिहिल्या त्याने दर वर्षी ठरवून टाकल्या नाहीत, आणि दर वर्षी पुसल्याही नाहीत. ज्याला लिहिल्या तो नाही. मागणारी त्याची मुलगी आहे, आणि फाइली ज्याच्या मालकीच्या त्या मुलाला त्यांच्याबद्दल मी अजून सांगितलेलं नाही. त्या फक्त त्या लॉकच्या, त्या फॉन्टच्या, त्या कुरकुरणाऱ्या तबकडीच्या भरवशावर वाचता येतात, आणि सध्या त्या तिघांची किल्ली माझ्याकडे आहे.

गेल्या आठवड्यात मी तबकडीची एक पूर्ण प्रत काढून घेतली. मग आठवणींची साठ पानं जुन्या प्रणालीतून, जुन्या फॉन्टमध्ये, टिंबांसकट कागदावर छापली. छापताना 'भाऊ'चा फोल्डर समोर उघडाच होता. छपाई संपल्यावर मी संगणक बंद केला. पुतणीला म्हटलंय की दिवाळीआधी कळवते.